खुंटीवर मावेल तेवढंच

लालबागच्या आमच्या खोलीत माणसं नऊ आणि खुंट्याही नऊ. एका माणसाला एक खुंटी, हा आईचा कायदा. जे खुंटीवर मावेल ते तुझं, बाकीचं घरात आणायचं नाही. बाबा गिरणीत सूतखात्यात. त्यांच्या खुंटीवर पांढरा सदरा आणि छत्री. माझ्या खुंटीवर कॉलेजची पिशवी. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे ती पिशवी आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. थोरल्या भावाच्या, अण्णाच्या खुंटीवर मात्र कधी काय दिसेल याचा नेम नसायचा.

गेल्या महिन्यात अण्णा गेला, नव्वदाव्या वर्षी. त्याच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा फोन आला, म्हणाला, "आत्या, बाबा सकाळी चहा पिऊन आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत." मला रडू आलंच, पण मागोमाग डोळ्यांपुढे उभा राहिला तो जिना चढून आल्या आल्या पाण्याने भरलेला पेला हातात धरणारा अण्णा. म्हणून हे लिहायला घेतलं.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. अण्णा गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओत मदतनीस होता. स्टुडिओच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्याकडे चलच्चित्रांचा एक मोठा कॅमेरा होता, तीन भिंगांचा आणि लाकडी तिवईवर बसवायचा. शिवाजी पार्कच्या सभेला परळहून मोर्चा निघणार होता, तेव्हा अण्णाने हट्टाने तो कॅमेरा मागून आणला. नाक्यावर तिवई उभी केली, तिचे पाय सारखे केले, भिंग बदललं, उजेड मोजला... तोवर मोर्चा पुढे निघून गेला होता.

रीळ धुऊन आल्यावर रविवारी दुपारी चाळीच्या व्यायामशाळेत खिडक्यांना घोंगड्या लावून सगळे बसलो. चादरीवर चित्र हललं आणि दिसल्या नुसत्या पाठी. शेकडो पाठी! बाबा त्या मोर्चात होते. ते ओरडले, "ते ठिगळ माझं! तो मी!" अख्खी चाळ हसली. आई मात्र चिडली. "मेल्या, सगळ्यांचे पाठीच काढलंस? तोंडां खंय गेली?"

अण्णाने रीळ काढलं आणि चादर उतरवली.

पुढे शाहिरांचं एक कलापथक सीमाभागातल्या गावांत निघालं. महाराष्ट्रात येऊ पाहणाऱ्या तिथल्या लोकांचं, त्यांच्या मोर्चांचं चित्रण मुंबईत दाखवायचं होतं. काकांनी अण्णाला सरळ सांगितलं, "चेहरे घेऊन आलास तर कॅमेऱ्याचं काम तुझं. पुन्हा पाठी आणल्यास तर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही." बाबांनी तिकडे मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. अण्णा नापास झाला की गिरणीत रोजंदारीवरचा बदली कामगार! त्याला गिरणीचा कमीपणा वाटत नव्हता, पण त्याचा जीव कॅमेऱ्यात होता. हे बाबांनाही ठाऊक होतं.

अण्णाने काकांपुढे मोठा कॅमेरा बाजूला सारला आणि कपाटातला तळहाताएवढा, चावीचा कॅमेरा उचलला. काका हसले. "अरे, हे हौशी लोकांचं खेळणं. याचं चित्रही लहान येतं."

"काका, मोठ्या कॅमेऱ्याने पाठी काढल्या. लहान निदान माणसांच्या पुढे तरी पळेल."

मग सुरू झाली आमच्या जिन्यावरची परीक्षा. सगळं सामान पिशवीत भरायचं, चार मजले चढायचे आणि वर पोचल्या पोचल्या मी काठोकाठ भरलेला पेला हातात द्यायचा. पाणी सांडलं की हात थरथरतोय, म्हणजे पिशवीतून एक वस्तू कमी. पहिल्या दिवशी तिवई गेली. मग जादा भिंगं, मग उजेडमापक. "उजेड मी डोळ्याने मोजीन," म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरचे तावडेकाका रोज विचारायचे, "काय रे अण्णा, पाणपोई काढलीस काय?" आठव्या दिवशी थेंब सांडला नाही. उरला होता कॅमेरा, आईच्या चकलीच्या डब्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली रिळं आणि एक सुती दोरी. तिचं एक टोक कॅमेऱ्याखालच्या स्क्रूला, दुसऱ्या टोकाचा फास पायाखाली. कॅमेरा वर ताणून धरला की हलत नाही. ही त्याची तिवई! सगळं मिळून पिशवी त्याच्या खुंटीवर अडकवून त्याने आईला हाक मारली. "बघ गो, मावलं."

तीन आठवड्यांनी तो परतला, काळवंडून, चपलांचे अंगठे तुटलेले. पुन्हा व्यायामशाळा, पुन्हा घोंगड्या. या वेळी काकाही आले होते. चित्र खरंच लहान, उशीएवढं. पण त्यात माणसं आमच्याकडे चालत येत होती. अण्णा मोर्चाच्या पुढे उलटा चालला होता, मैलच्या मैल! डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, खांद्यावर पोरं घेतलेले बाप्ये, घोषणा देताना फुगलेल्या गळ्याच्या शिरा. एक म्हातारी तर थेट कॅमेऱ्यापाशी आली आणि बोट नाचवून काहीतरी बजावू लागली. चित्राला आवाज नव्हता. आई पुढे सरकली आणि म्हणाली, "काय म्हणतंस गे बाय? जरा मोठ्यान सांग." या वेळी कोणी हसलं नाही.

उजेड झाला तेव्हा बाबा उठून उभे होते. म्हणाले, "उद्या मुकादमाला सांगतो, दुसरा माणूस बघ." काकांनी तो लहान कॅमेरा अण्णाच्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडेच."

राज्य झालं, मुंबई आपली झाली. अण्णाने तो आनंदही चित्रित केला, उलटा चालतच. ती सीमेवरची गावं मात्र बाहेरच राहिली. ते शल्य त्याला शेवटपर्यंत होतं, त्या म्हातारीचा विषय निघाला की उठून जायचा.

भाच्याने परवा दादरच्या घरातून अण्णाची ती दोरी मला आणून दिली. फासापाशी झिजून काळी पडली आहे. माझ्या दाराआडच्या खुंटीवर आता तेवढीच आहे. तिथले कपडे मी कपाटात हलवले.

आमच्या खोलीतून अण्णा कॅमेरामन झाला, मी बी.ए. झाले. आणि सीमाभागातून त्याने आणलेल्या रिळांत एकही पाठ नाही.