वहीताईची यादी

काखेत कायम वही, म्हणून तिचं नाव पडलं वहीताई. आधी ती दवाखान्यात आया होती. कागद नाही म्हणून माघारी पाठवलेली माणसं रोज बघवेनात, तेव्हा नोकरी सोडून अशांचे कागद करून द्यायचं काम तिने अंगावर घेतलं. नवरा वायरमन, थट्टेखोर. म्हणायचा, माझंही नाव लिहून ठेव, एखाद्या दिवशी ओळखायची नाहीस.

रेल्वेच्या भिंतीमागे कचरा वेचणाऱ्यांची एकशे चाळीस घरं होती, नळ एकही नव्हता. पाणीखात्याने सांगितलं, यादी आणा. वहीताई तीन महिने दारोदार फिरली. घर कशाचं, माणसं किती, आजारी कोण, सगळं लिहिलं. परक्याला दारात उभं न करणाऱ्या बायकांनी हिला आत बसवून मन मोकळं केलं. यादी देऊन, शिक्क्याची पोच घेऊन ती हरखून घरी आली.

महिन्याभराने, सकाळी भाजी चिरताना फोन आला: घरं पाडताहेत. ती तशीच धावली. यंत्र धडधडत होतं आणि पालिकेचा एक अधिकारी कागदावरून मोठ्याने वाचत होता.

"सतरा नंबर. पत्र्याचं. आत एक पांगळा माणूस, उचलून आणावा लागेल."

तिने कागदात डोकावलं. अक्षर तिचं होतं.

हे पाण्यासाठी दिलं होतं, ती म्हणाली. अधिकारी रागावलाही नाही.

"बाई, तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं," म्हणाला आणि त्याने पुढचा नंबर वाचला.

पुढची भिंत कोसळली, तशी ती घरी धावली, आणि पोच घेऊन तिने ओळखीच्या वकीलबाईंना गाठलं. इथे माणसं राहतात हे पाणीखात्याच्याच शिक्क्याने सिद्ध होतं, म्हणून दुपारी कोर्टाने पाडकाम थांबवलं. तोवर अडतीस घरं गेली होती.

संध्याकाळी ती सतरा नंबरच्या मावशीपुढे जाऊन बसली. यादी माझी होती, म्हणाली.

मावशी नवऱ्याच्या अंगावरची धूळ झटकत राहिली. "ठाऊक आहे. ह्यांच्या पायांचं मी तुलाच तर सांगितलं होतं."

उरलेल्या घरांना दीड वर्षाने नळ आला. उठवलेल्यांना घरं मिळावीत म्हणून खटला चालू आहे. पांगलेली कुटुंबं वहीताई पुलांखाली, बाजारामागे शोधत फिरते. एकोणतीस सापडली, त्यांत मावशीही. मावशी आता खटल्याचा सबंध कागद वहीताईकडून वाचून घेते, मगच अंगठा देते. तिच्याशी बोलत मात्र नाही.