मागचा गळा

कुळगावात मी घरी बसून कोड लिहिते. लोकांना त्यातलं ‘घरी बसून’ एवढंच ऐकू येतं, त्यामुळे शेजारचं कुरियर घ्यायला आणि पाण्याची मोटर बंद करायला मीच. त्या दिवसांत मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका ब्लाउजच्या दुकानाचं काम घेतलं होतं. मालकीण सिंधी, सगळा कॅम्प तिला आंटी म्हणतो, म्हणून मीही. माप घ्यायची आंटी, कापायचे मागच्या खोलीतले मास्टरजी, आणि मधल्या मधे चिठ्ठ्या हरवायच्या. आंटीचं म्हणणं एकच होतं, "बेटा, मैं फोन में डालूँ और मास्टरजी को दिखे. बस."

त्या ‘बस’ला एपीआय म्हणतात. आंटीच्या फोनवरून माप घ्यायचं, तपासायचं, साठवायचं आणि मास्टरजींच्या पडद्यावर पाठवायचं. मी पायथनमधलं एक नवं फ्रेमवर्क वापरलं. छाती म्हणजे आकडा, दशांश चालेल, एवढं एका ओळीत लिहून टाकलं की पुढची राखण ते स्वतःच करतं. कुणी आकड्याच्या जागी ‘ढीला रखना’ लिहिलं, तर दारातूनच ४२२ म्हणून परत पाठवतं. बरोबर असेल तर २००, म्हणजे सगळं ठीक.

पहिल्याच दिवशी एका बाईंची छाती ३४११ इंच आली. फ्रेमवर्कनं २०० दिलं. आकडाच होता ना तो, त्याचं काय चुकलं?

मी तडक फोन लावला. तेव्हा कळलं, की शिंप्यांच्या लिहिण्यात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. साडेचौतीस म्हणजे चौतीस आणि दोन रेघा. फोनवरच्या आकड्यांत रेघ नाही, म्हणून आंटीनं त्यातल्या त्यात उभा दिसणारा आकडा दाबला होता. एक.

"पॉइंट फाइव्ह लिहा हो," मी म्हटलं.

"हाँ हाँ, पॉइंट," आंटी म्हणाली.

हे ‘हाँ हाँ’ काय असतं, ते कॅम्प चारमध्ये ज्यांनी धंदा केलाय त्यांना ठाऊक आहे. मी मुकाट्यानं प्रत्येक मापाला वरची मर्यादा घातली. छाती साठ. बाही चोवीस. मागचा गळा बारा, कारण तिथल्या नवऱ्या मुली पाठीवर कापड म्हणून काही शिल्लकच ठेवत नाहीत.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि आईनं ब्लाउज आंटीकडेच शिवायला टाकला. लेकीचं गिऱ्हाईक ना! मी शाळेत असताना आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मानेखालून कंबरेकडे गेलेला जाड, वाकडा व्रण आहे. तेव्हापासून तिचा मागचा गळा मानेला लागून, सव्वा इंच. भर मे महिन्यातसुद्धा. लग्नाची बाकी कसलीच चिंता तिला नव्हती, तेवढी पाठ झाकलेली हवी होती. "वरमाई पुढे बसते गं," ती म्हणाली, "आणि बाकीच्या सगळ्या मागे."

सव्वा. म्हणजे एक, आणि पुढे एक रेघ.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी ब्लाउज घरी आला. आईनं तो उलगडला, घडी घातली, पुन्हा उलगडला. त्याला पाठ नव्हतीच. खाली चार बोटांची पट्टी आणि वर नाडी. मी ऑर्डर काढून पाहिली. मागचा गळा ११. आंटीनं रेघेच्या जागी पुन्हा एक दाबला होता, अकरा बाराच्या आत बसत होते, २००. मास्टरजींना फोन केला, तर ते एकदम शांत. "स्क्रीन पे ग्यारह था. नाडी हमने अपनी तरफ से लगा दी." सकाळी पाठीला जोड लावून देतो, म्हणाले.

तोवर आई आतल्या खोलीत गेली होती. मी दार ढकललं, तर ब्लाउज घालून, कपाटाच्या आरशाकडे पाठ करून ती मान वळवायला बघत होती. तिची मान तेवढी वळत नाही.

"दिसतं का गं?"

"दिसतं."

"फार?"

"फार," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत तो व्रण असा पुरता मीही पाहिला नव्हता.

"तू कशाला रडतेस? पाठ माझी आहे." मग मान वळवायचं सोडून ती सरळ उभी राहिली. वर पंखा चालू होता. "हवा लागतेय," ती म्हणाली.

जोड लावायला तिनं ब्लाउज दिलाच नाही. लग्नात दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटून बसली, आणि मी मागे उभी राहून पहारा देत होते. जेवणाच्या वेळी उकाडा वाढला तसा तिनं पदर सोडून दिला. मागून आत्यानं काहीतरी विचारलं. आईनं "मणका" एवढंच सांगितलं आणि मठ्ठा मागवला.

माझं मात्र समाधान होईना. चूक ती चूक. वाढदिवसाला सूट द्यायची म्हणून आंटीनं गिऱ्हाइकांच्या जन्मतारखा घेऊन ठेवल्या होत्या. मी दोन ओळींचा नियम लिहिला: वय साठच्या वर असेल, तर मागचा गळा चारच्या वर घ्यायचा नाही. सोबत संदेश, ‘या वयाला हे माप चुकीचं वाटतं. पुन्हा तपासा.’ स्वतःवरच खूश झाले मी.

दिवाळीच्या आधी आंटीचा फोन आला. "बेटा, तेरी मम्मी का ब्लाउज मशीन ले नहीं रहा. चार सौ बाईस बोलता है."

मी काही विचारायच्या आत आईनं फोन घेतला. "ए, ‘या वयाला’ म्हणजे काय गं? कुणी लिहिलंय हे?"

"अगं, मागे सव्वाचं अकरा झालं होतं ना, म्हणून..."

"सव्वा नाहीच सांगितलं मी. अकरा सांगितलं."

"नक्की?"

"एकावर एक अकरा," आई म्हणाली. लहानपणी माझ्याकडून उजळणी म्हणून घ्यायची, अगदी त्याच आवाजात. "तुझ्या मशीनला येत नसेल तर शिकव."

मी त्या दोन ओळी काढून टाकल्या. आंटीनं पुन्हा बटण दाबलं. २००.