कंडक्टरबाईंची उन्हाची गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना सगळे कंडक्टरबाई म्हणतात. तरुणपणापासून बसमध्ये तिकिटं फाडली, तीही उभ्यानं, त्यामुळे बसायची सवयच राहिली नाही. नोकरी सुटली तरी ‘पुढे सरका’ काही तोंडातून सुटलं नाही. परवा दवाखान्याच्या रांगेत म्हणाल्या, तर लोक खरंच पुढे सरकले. डॉक्टरसुद्धा.

थंडी पडली की त्या आम्हा म्हाताऱ्यांची गाडी काढतात. गाडी म्हणजे आमची गच्ची. ऊन तिथं पोचलं की जिन्यात घंटा वाजते आणि आम्ही शाली, कानटोप्या, गुडघे आणि कुरकूर घेऊन वर चढतो. दारातच तपासणी असते.

“नुसत्या मोज्यांनी फरशीवर चाललात? घसरलात तर हाडाचं तिकीट परत मिळत नाही. चपला घाला!”

“तहान लागत नाही म्हणून पाणी बंद? प्या आधी.”

नियम एकच. सगळे आल्याशिवाय डबल बेल नाही आणि डबल बेल झाल्याशिवाय चहाचा थर्मास उघडायचा नाही.

या गाडीतले सगळ्यात नाठाळ प्रवासी म्हणजे माझे धाकटे दीर. तळमजल्यावर एकटेच राहतात, घड्याळं दुरुस्त करतात. गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली होती, तेव्हापासून माझा अर्धा जीव त्यांच्या खोलीतच असतो. थंडीनं बोटं आखडली की बारीक स्क्रू हातात ठरत नाहीत, म्हणून टेबलाशेजारी शेगडी पेटवायची आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबायची, हा त्यांचा उद्योग.

कंडक्टरबाईंनी पाहिलं आणि कडाडल्या, “अहो घड्याळवाले, बंद खोलीत कोळशाचा गॅस साठतो. वाससुद्धा येत नाही त्याला. शेगडी विझवा, नाहीतर खिडकी उघडा.”

“गच्चीत तुमचं राज्य,” दीर म्हणाले. “माझ्या खोलीत ड्रायव्हर मी.”

मी मध्ये पडले तर मला म्हणतात, “वहिनी, तुम्ही मागच्या सीटवर बसा.”

एका सकाळी सगळे वर आले, दीर आले नाहीत. मी म्हटलं, रुसले असतील, येतील. मास्तर म्हणून आमचे एक शेजारी आहेत, त्यांचा डोळा थर्मासवर. ते म्हणाले, “बाई, चहाचं पाणी होतंय. एका प्रवाशासाठी कुठं गाडी थांबते का?”

“माझी थांबते,” म्हणत कंडक्टरबाई जिना उतरायलासुद्धा लागल्या. मी कठडा धरून मागोमाग, गुडघ्यांना शिव्या देत.

दार वाजवलं, हाक मारली. आतून हूं नाही की चूं नाही. किल्ली माझ्या कमरेला असतेच. दार उघडलं तर शेगडी तशीच पेटलेली, दीर टेबलावर पालथे पडलेले, भिंग अजून डोळ्यालाच. मी दारातच गळा काढला.

“रडायचं नंतर. आधी उचला!” कंडक्टरबाई ओरडल्या. काखेत हात घालून आम्ही त्यांना फरफटत अंगणात आणलं. मास्तर चहा विसरून धावत आले, त्यांनी गाडी बोलावली, खरी, दवाखान्याची. मोकळ्या हवेत दिरांनी कसेबसे डोळे उघडले आणि पुटपुटले, “डोकं फुटतंय... घड्याळ उघडं राहिलंय.”

“राहू दे,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “तुमचं चालू आहे ना, बास.”

दवाखान्यात त्यांना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... आणि माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची पुढे केली.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी दीर घंटेच्या आधी गच्चीत हजर. कानटोपी, स्वेटर, पायात चपला, हातात पाण्याची बाटली. कंडक्टरबाईंनी त्यांना पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वारा लागत नाही तिथली जागा दाखवली.

“ही नको,” दीर म्हणाले. “मला खिडकीची सीट पाहिजे.”

“गच्चीला कुठली आलीये खिडकी?”

“वा! माझ्या खोलीतल्या सगळ्या सताड उघडायला लावल्यात, आणि स्वतःच्या गाडीला एकही नाही?”

मास्तर हसता हसता खोकायला लागले. मी पदरानं डोळे पुसले, ऊन फार होतं. कंडक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. एकेका कानटोपीवरून नजर फिरवत टाकीपाशी आल्या, तिथं जरा जास्त वेळ थांबल्या आणि मग घंटेची दोरी दोनदा ओढली.