पाचवं तिकीट

बसा हो, बसा. कॉफी अजून फिल्टरमधून उतरतेय, तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. हसायचं ते मधेमधे हसून घ्या. शेवटी हसू येईलच, असं मी लिहून देत नाही.

माझं सिनेमाचं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. नवा सिनेमा लागला की पहिल्या रविवारी मी टॉकीजमध्ये हजर. तेव्हा मी नंजनगूडच्या एका कारखान्यात कारकून होतो. सकाळी म्हैसूरहून बस, संध्याकाळी तीच बस परत. मंडळी ठरलेली, जागा ठरलेल्या. आणि सोमवारची सकाळ माझी! बस स्टँडातून हलायच्या आत कंडक्टर विचारायचा, "एन सार, सिनेमा हेंगिदे?" कसा आहे सिनेमा? की मी निकाल द्यायचो.

निकाल तीनच. 'सगळ्यांना घेऊन जा', 'एकटे जा' आणि 'घरी बसा'. मी एकदा 'घरी बसा' म्हटलं की आमच्या बसपुरता तो सिनेमा पडला! काय तो माझा रुबाब! ऑफिसात साहेब मला नावानं ओळखत नसे, पण बसमध्ये माझ्या शब्दावर माणसं आपला रविवार ठरवायची.

ह्याच बसमध्ये वत्सला होती. नंजनगूडच्या शाळेत शिकवायची. घराणं आमच्यासारखंच. खापरपणजोबा कधी काळी म्हैसूरच्या फौजेत आले, तलवारी गेल्या, मराठी तेवढी राहिली. तीही निम्मी कन्नड. वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडात पोचतं. आम्ही कुठल्या भाषेत हसलो, हेसुद्धा आमच्या लक्षात राहत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे मी ह्याच्यावरच आपटलोय.

सगळी बस माझा निकाल मानायची, एकटी वत्सला सोडून.

"अय्यो, तो कसला हिरो हो? नुसते केस मागे सारतो!"

"अहो, पण सेकंड हाफ बघा ना!"

"सेकंड हाफपर्यंत जागं कोण राहतं मत्ते?"

'मत्ते' म्हणजे 'मग', हे तिचं पालुपद. असं भांडत भांडत कपिलेचा पूल यायचा आणि मला वाटायचं, नदी अजून थोडी रुंद असती तर काय बिघडलं असतं? खरं सांगतो, मला ती फार आवडायची. रविवारी सिनेमा बघतानाच, सोमवारी तिला हे कसं सांगायचं, ते मी जुळवत असे. पडद्यावर माणूस मरतोय आणि मी विचार करतोय, वत्सला ह्याच्यावर काय बोलेल! माझ्या शेजारच्या खुर्चीत जो कोणी बसायचा, त्याचा मला राग यायचा. बिचारा सुम्ने, उगीच, तिकीट काढून बसलेला असायचा. पण तिथे ती नव्हती ना.

आणि हे सगळं तिला कधी सांगितलं? छे! दुसऱ्यांच्या प्रेमकथा मी तासन्‌तास सांगत असे. स्वतःची म्हटली की जीभ टाळ्याला!

अशात एका सोमवारी वत्सला म्हणाली, "ह्या रविवारी सिनेमाला जायचंय. चांगला सांगा."

मी कान टवकारले. आजवर हिनं कधी माझा निकाल मागितला नव्हता.

"कसा हवा?"

"हलका. मारामारी नको. अम्मा पण आहे."

अम्मा पण आहे! म्हणजे अम्मा सोडून आणखी कोणीतरी आहे, आणि अम्मा आहे ती रीतीसाठी! आमच्यात मुलगी परक्या मुलाबरोबर एकटी सिनेमाला कशी जाणार? बरोबर आई हवीच. मी मनातल्या मनात म्हटलं, माधवा, तू बोलला नाहीस, पण पोरगी समजली रे!

त्या आठवड्यात मी ऑफिसात काय काम केलं ते विचारू नका. रोज संध्याकाळी नंजनगूडहून उतरलो की तडक टॉकीज. म्हैसुरात लागलेले सगळे सिनेमे पुन्हा बघून काढले. आणि सकाळी बसमध्ये वत्सलेला अहवाल. ह्यात गाणी फार. त्यात सासू छळते, अम्मांना आवडायचं नाही. ह्या टॉकीजला पंखे आवाज करतात. त्या टॉकीजला बाल्कनीत डाव्या हाताला बसायचं, वारा येतो, आणि इंटर्वलला चुरमुरीवाला आधी तिकडे येतो.

ती नुसती ऐकायची. एकदाही भांडली नाही! खिडकीतून बाहेर बघायची आणि मधेच म्हणायची, "मत्ते? आणखी काही विचारायचंय?"

मी म्हणायचो, "हो! अम्मांना जिना चढवतो का?"

शेवटी एक कन्नड सिनेमा पक्का केला. नदीकाठच्या एका नावाड्याचा. आमच्या इकडे नदीत गोल टोपलीसारखी होडी असते ना, कातडं मढवलेली, ती तो चालवतो. पलीकडच्या गावात त्याची बायको. घरच्या भांडणात तिला माहेरी पाठवलेली. तो रोज संध्याकाळी नदीच्या मध्यापर्यंत जातो आणि परत येतो. पुढे जायचा धीर होत नाही. शेवटी त्याची आई, म्हणजे त्या मुलीची सासू, स्वतः होडीत बसते आणि सुनेला आणायला जाते. काय सिनेमा होता! मी तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा रडलो.

"सगळ्यांना घेऊन जा," मी निकाल दिला.

वत्सलेनं एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं. पाच तिकिटं काढाल?"

पाच! ती, तिची अम्मा, तिचा भाऊ, वहिनी... आणि पाचवा? अहो, मी! पाचवा मी!

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. केसांना तेल, खिशात पाच तिकिटं. टॉकीजच्या दाराशी तासभर आधी जाऊन उभा राहिलो.

दोन रिक्षा आल्या. पहिलीतून वत्सला, अम्मा आणि भाऊ. वत्सलेनं केसांत मल्लिगे माळली होती, मोगऱ्याचा चांगला हातभर गजरा. बसमध्ये ती कधी गजरा घालत नसे. मी म्हटलं, झालं! हा माझ्यासाठी! तेवढ्यात दुसऱ्या रिक्षातून एक नऊवारीतल्या बाई उतरल्या आणि त्यांच्यामागून चष्मा लावलेला एक उंच तरुण.

भाऊ म्हणाला, "हे दिनकरराव, साताऱ्याहून आलेत. हायस्कुलात गणित शिकवतात. आणि ह्या त्यांच्या मातोश्री. वत्सलाला बघायला आलेत. घरी सगळे अवघडून बसतात, म्हणून म्हटलं सिनेमाला जाऊ. हा माधव बरं का, वत्सलाच्या बसमधला. सिनेमा ह्यानंच निवडलाय!"

मी मोजले. वत्सला, अम्मा, भाऊ, मातोश्री, दिनकरराव. पाच झाले. मी सहावा.

तुम्ही म्हणाल, मग घरी यायचंस. तिकिटं भावाच्या हातात देऊन निघालोच होतो! तेवढ्यात मातोश्रींनी बाहेरचं पोस्टर निरखून विचारलं, "हा मराठी सिनेमा नाही का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अहो, कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! मराठी माणूस, मराठी घर, मराठीत बोलणी चाललेली, आणि ह्यांना कन्नड येत नाही, हे ना वत्सलेच्या घरच्यांना सुचलं, ना मला. आम्हाला वाटतं, जन्माला येतानाच माणूस दोन्ही घेऊन येतो.

अम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "अय्यो देवरे! आता मत्ते काय करायचं?"

भावानं त्याचं तिकीट माझ्या हातात कोंबलं. "माधव, तू बस आत. दोघांच्या मधे बस आणि मराठीत सांगत जा. तुझ्याइतका सिनेमा कोण सांगतं? मी बाहेर कॉफी पितो."

म्हणजे पाचवं तिकीट मिळालं हो मला! पण बसलो कुठे? नवरदेव आणि त्याच्या आईच्या मधे. वत्सला टोकाला, मधे मातोश्री आणि अम्मा, दोन खुर्च्या. अंधार झाला, आणि मला तिच्या गजऱ्याचा वास तेवढा यायला लागला.

आता माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, ह्या बाईंना कन्नडचा गंध नाही, मी सांगेन तो सिनेमा! लग्न मोडायला एवढी नामी संधी कोणाला मिळाली असेल? पडद्यावर सासू सुनेला म्हणाली, "दमलीस बाळ, बस जरा." मी मातोश्रींच्या कानात सांगितलं, "ती म्हणतेय, ह्या घरात माझंच चालणार, तू कोण?" नावाडी म्हणाला, "तुझ्याशिवाय घर खायला उठतं." मी सांगितलं, "तो म्हणतोय, जातेस तर जा." दिनकरराव चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले.

"अहो, पण तिच्या डोळ्यांत तर पाणी आहे," मातोश्री म्हणाल्या.

"धूर झालाय, चुलीचा."

इंटर्वल झाला. दिवे लागले. मातोश्री पदर सावरत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा सिनेमा तुम्ही निवडलात होय? कसला हो हा सिनेमा, अगदी भिकार!"

भिकार! माझा सिनेमा! 'सगळ्यांना घेऊन जा'वाला! पलीकडून वत्सलेनं वाकून माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगाची लाही झाली. इतक्या वर्षांत माझा निकाल कोणी असा पायदळी तुडवला नव्हता. लग्न बिग्न गेलं चुलीत! म्हटलं, बाई, तुम्हाला सिनेमा म्हणजे काय ते दाखवतो.

आणि मग मी सेकंड हाफ सांगितला. असा सांगितला, असा सांगितला! एक शब्द सोडला नाही. पहिल्या भागातलं सगळं सावरून घेतलं, "अहो, ते वरवरचं बोलणं होतं, आतलं आता कळतंय बघा." नावाडी नदीच्या मध्यावर थांबून म्हणतो, "तुझ्या गावचा घाट दिसेपर्यंत हात चालतात, पुढे चालत नाहीत." हे वाक्य मराठीत सांगताना माझा आवाज फुटला. मी कोणाचं सांगत होतो, मलाच कळेना. पुढच्या मागच्या रांगांतली कन्नड माणसंसुद्धा पडदा सोडून माझ्याकडे वळून बघायला लागली! पलीकडे टोकाला कोणीतरी मुसमुसत होतं. मी खूश. म्हटलं, वत्सला रडतेय, आज पहिल्यांदा तिला सेकंड हाफ आवडला.

शेवटी सासू होडीत पाय टाकते, आणि माझ्या शेजारी मातोश्रींनी हुंदकाच दिला. दिवे लागले तशा त्या उठल्या, तरातरा वत्सलेकडे गेल्या, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तू माहेरी आलीस तर मी स्वतः न्यायला येईन गं तुला. कबूल?"

ठरलं. तिथेच, बाल्कनीत, चुरमुरीच्या कागदांवर उभं राहून ठरलं! दिनकरराव माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचे उपकार विसरणार नाही." माणूस चांगला होता हो, तीच तर पंचाईत.

लग्नात मला मानाचा नारळ मिळाला.

बसमधली तिची खिडकी रिकामी झाली. सोमवारी मी निकाल द्यायचो, सगळे माना डोलवायचे. भांडायला कोणी नाही. असा निकाल देण्यात काय राम? हळूहळू मी 'ठीक आहे' म्हणायला लागलो आणि कंडक्टरनं विचारणं सोडलं. लग्न मी केलं नाही. कारण विचारू नका, पुढे ऐका.

बऱ्याच वर्षांनी दसऱ्याला वत्सला माहेरी आली होती. बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याची मशालींची कवायत बघायला दोन्ही घरची आम्ही मंडळी गेलो होतो. दिनकरराव मुलांना खांद्यावर घेऊन पुढे उभे. वत्सला माझ्याशेजारी, घोड्यांकडे बघत. सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तुम्ही आठवडाभर मला सांगत होता, कुठला सिनेमा, कुठली टॉकीज, पंखा कुठे. कोणाबरोबर जाणार, हे एकदा विचारलं नाहीत."

मीही घोडे बघायला लागलो.

"मी रोज वाट बघत होते. विचारलं असतंत ना, तर तुम्हीच म्हणाला असतात, 'घरी बसा.'" मग म्हणाली, "आणि मी बसले असते."

पुढे मशाली पेटल्या. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

आता ही एवढ्यातली गोष्ट, गेल्या दसऱ्याची. फोन वाजला.

"माधवराव, वत्सला बोलतेय. म्हैसूरला आलेय. एक चांगला सिनेमा सांगा."

तिचा आवाज तोच! मी सुटलोच. हा नको, त्यात पाणी घातलंय. तो बघा, पण सकाळचा खेळ बघा. जिना नाही, लिफ्ट आहे. ती आपली "हं, हं" म्हणत होती. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे गाढवा! पुन्हा विचारलं नाहीस! सारं आयुष्य ज्या एका प्रश्नावाचून गेलं, तोच पुन्हा राहिला! लगेच नंबर फिरवला.

"वत्सला, एक विचारायचं राहिलं."

ती हळूच म्हणाली, "विचारा."

"कोणाबरोबर जाणार आहात?"

ती हसली. बसमध्ये हसायची तशी, अगदी तशी.

"विचारलंत एकदाचं! सासूबाईंबरोबर. त्यांना अजून कन्नड येत नाही. म्हणतात, तो सिनेमा सांगणारा मुलगा आहे का अजून? येताय ना?"

गेलो. तिकिटं मीच काढली, इस्त्रीचा शर्ट घातला. सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून सबंध सिनेमा मी ओरडून सांगितला. मधे सासूबाई होत्या, पलीकडे वत्सला. आता फक्त एकच खुर्ची मधे राहिलीय.