डिंकाचा लाडू आणि दमलेला पिचर

माझा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही आणि त्याला कारण डिंकाचा लाडू आहे.

फिजिओथेरपीवाली मुलगी दर खेपेला विचारते, "सो, हाऊ डिड धिस हॅपन?" मी सांगतो, बर्फ शोव्हल करताना. ती कळवळून मान हलवते. प्रसंग ऑगस्टमधला आहे, पण कॅनडात या उत्तरावर कोणी उलटतपासणी घेत नाही.

खरं म्हणजे सगळा दोष आमच्या व्याह्यांचा. ते डॉक्टर. मार्कहॅमला राहतात. आयुष्यभर लोकांची हाडं जोडली आणि आता रिटायर होऊन माझं डोकं फोडतात. तरुणपणी शिकायला बॉस्टनला होते, म्हणून बेसबॉलमध्ये बॉस्टनचे. घर टोरांटोच्या कुशीत, टॅक्स इथे, नातवंड इथे होणार, पण टाळ्या बॉस्टनला! मी पक्का टोरांटोचा. एवढ्यावर भागलं असतं. पण निखिल आणि केतकीच्या लग्नात त्यांनी माइकवर माझी ओळख करून दिली, "आणि हे आमचे फ्लोअरिंगवाले." फ्लोअरिंगवाले! लोकांच्या बेसमेंटमध्ये गुडघे टेकून फरशा बसवत बसवत मी व्हिटबीत स्वतःचं दुकान उभं केलं. ज्या हॉलमध्ये ते उभे होते तिथली फरशीही माझीच. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

त्यात त्यांनी अलीकडे नवीनच टुमणं लावलं होतं. "शिंदे, दुकान आता केतकीला द्या." केतकी म्हणजे माझी मुलगी, त्यांची सून. दुकानाचं अर्धं काम तीच बघते. तिला सातवा महिना. मी तिला म्हटलं, "अगं, बाळ सांभाळशील की दुकान?"

"बोथ, बाबा. तुम्ही नाही का केलंत?"

"माझं बाळ तुझी आई सांभाळत होती."

"एक्झॅक्टली. माझं तुम्ही सांभाळा."

तर अशी परिस्थिती. लाँग वीकेंड आला. रविवारी दुपारी टोरांटो आणि बॉस्टनची मालिका संपली, आणि सोमवारी आमच्या बॅकयार्डात केतकीचं डोहाळजेवण. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, सकाळीच बजावलं, "आज त्या खेळाचं नाव काढलंत तर पान वाढणार नाही. व्याह्यांशी गोड बोला."

"मी गोडच बोलतो."

"मोठ्याने बोलू नका."

ही अट जाचक होती.

डेकवर फुलांनी सजवलेला झोपाळा. त्यावर हिरव्या साडीत केतकी, हातात फुलांचं धनुष्य. शेजारी स्टुलावर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. ती जी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी ठरायचं. (सोनोग्राफीत काय ते तिला कधीच कळलेलं होतं, पण वाटीचा मान वाटीला!) बायका गाणी म्हणत होत्या. आम्हा दोघा व्याह्यांना लांब, कुंपणापाशी खुर्च्या दिल्या होत्या आणि मध्ये डिंकाच्या लाडवांचं ताट. ऑगस्टच्या उकाड्यात डिंकाचे लाडू कशाला, तर विहीणबाईंना आवडतात. शैलाचा पाक जरा पुढे गेला होता. (हे मी तिच्यासमोर बोललो तर दुसराही हात जाईल.)

चांगली दहा मिनिटं आम्ही हवेवर बोललो. मग डॉक्टरांनी लाडू दाताखाली धरून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाले, "शिंदे, तुमचा म्हातारा मात्र संपला हो."

इथे थोडं सांगायला हवं. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा एक मुख्य पिचर असतो, आपला गोलंदाजच समजा. दम असेपर्यंत तोच फेकत राहतो. दम संपला की मॅनेजर मैदानात चालत येतो, काही न बोलता तळहात पुढे करतो, आणि पिचरने चेंडू त्या हातावर ठेवून निघून जायचं. मालिका आम्ही जिंकली होती, शेवटचा सामना ते जिंकले होते, म्हणजे दोघांनाही बोलायला तोंड होतं. शेवटच्या सामन्यात दोन्हीकडचे पिचर वयाने उतरणीला लागलेले. आमच्याला नऊपैकी पाचव्याच डावात काढलं. त्याने चेंडू लवकर सोडला नाही. मॅनेजर हात पुढे करून उभा, आणि हा चेंडू छातीशी धरून. मला रात्रभर तेच दिसत होतं.

"संपला?" मी म्हणालो. "अहो, त्याला संपवला! अजून दोन डाव सहज काढले असते त्याने."

"खांदा गेलाय त्याचा. टीव्हीवरून दिसत होतं मला."

"टीव्हीवरून? मग लोकांना दवाखान्यात कशाला बोलावत होतात? आणि तुमचा काय मोठा तरुण आहे?"

"आमचा सहावा डाव पूर्ण करून गेला."

"आमच्या पोरांनी त्याचे चेंडू प्रेक्षकांत वाटले! लग्नाच्या अक्षता परवडल्या!"

"तरी वेळ आल्यावर चेंडू दिला त्याने. मुकाट्याने. याला म्हणतात समज."

"हे तुम्ही पिचरबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमचंही वय झालंच की, शिंदे. खांदा तुमचाही दुखतो. दुकान..."

बस्स! मी उठलो. ताटातला एक लाडू उचलला. "हा खांदा दुखतो? हा? निखिल, इकडे ये!" जावई बिचारा आईस बॉक्स घेऊन चालला होता. "ती परात उचल आणि त्या मेपलखाली उभा राहा."

"बाबा, परात? व्हाय?"

"समोर धर. डॉक्टर, लाडू परातीत गेले तर आयुष्यात पुन्हा दुकानाचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही गेले तर किल्ल्या केतकीच्या. तीन लाडू, तिन्ही परातीत."

"तिन्ही? लुटता काय? तीनपैकी दोन."

"बरं, दोन."

(पाहा! भर रागातही मी तिसऱ्या भागाची सूट मिळवली.)

पहिला लाडू गेला तो ठण्णकन परातीत! परातीला पोचा आला, लाडवाला नाही. गाणी थांबली. शैला डेकवरून ओरडली, "अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही! व्याह्यांशी गोड बोलतोय!"

दुसरा लाडू मी जरा स्टाइलमध्ये फेकला. तो परातीवरून, मेपलवरून, कुंपणावरून शेजारच्या स्विमिंग पूलमध्ये गेला. पलीकडून एक बाई म्हणाली, "ओह माय गॉड, व्हॉट वॉज दॅट?" डॉक्टर म्हणाले, "वाइड." बेसबॉलमध्ये वाइड नसतो, पण ते सांगायला माझ्याकडे श्वास नव्हता.

आता सगळं तिसऱ्यावर. सगळे पाहुणे बघत होते. निखिलने परात तोंडासमोर धरून डोळे मिटले होते. मी टीव्हीवरच्यासारखा डावा गुडघा वर घेतला, हात मागे नेला, सगळ्या फरशा, सगळी बेसमेंटं आणि "फ्लोअरिंगवाले" आठवून जोर लावला, आणि खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. हात वर होता तिथेच अडकला. तुपाने बुळबुळीत झालेला लाडू बोटांतून मागे निसटला आणि सरळ डेकवर, स्टुलावर! दोन्ही वाट्या उडाल्या. पेढा केतकीच्या मांडीवर, बर्फी विहीणबाईंच्या अंबाड्यात.

"मुलगा!" एक काकू ओरडल्या.

"छे! बर्फी आधी उडाली! मुलगी!"

"जुळं असेल!" तिसरीने तोडगा काढला.

मी आपला हात आकाशात धरून उभा. खाली येईना. फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, नाइस ब्लेसिंग पोज, होल्ड इट!" बाजूच्या फाटकातून उशिरा आलेल्या एका कुटुंबाने मला लांबून पाहिलं आणि सगळ्यांनी हात वर करून उत्तर दिलं.

डॉक्टर उठले. माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि चाचपत म्हणाले, "हलू नका. श्वास सोडा. आधी कबूल करा, मॅनेजरने केलं ते बरोबर."

"नाही!"

"मग राहा असेच. बर्फ पडेपर्यंत."

मी दात आवळले. बोललो असतो तर रडलो असतो. त्यांना ते कळलं असावं. हात हळूहळू खाली आणताना ते फक्त मला ऐकू जाईल असं बोलले, "ऑपरेशन करताना माझ्या हाताला कंप सुटला ना, शिंदे, तेव्हा समोर हात पुढे करणारं कोणी नव्हतं. निखिलला हाडांत रस नाही. मीच हत्यारं खाली ठेवली आणि घरी आलो. तुमच्याकडे घेणारं माणूस आहे."

या माणसाशी भांडणं सोपं होतं. हे असलं काही मला झेपत नाही.

एवढ्यात केतकी उठली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मांडीवरून उचललेला पेढा तोंडात. लॉनवरून सावकाश चालत माझ्यासमोर आली. नुसता तळहात पुढे केला.

ती माझ्याच मांडीवर बसून मॅच बघायला शिकलेली आहे.

मी खिशातल्या किल्ल्या डाव्या हातात घेतल्या. छातीशी धरल्या. ती हात तसाच धरून उभी. मी फार दमलो होतो. नुसता त्या दिवसाने नाही, पहिल्या बेसमेंटमध्ये गुडघे टेकले तेव्हापासूनचा दमलेलो होतो. पण किल्ल्या फुकट देणं माझ्या रक्तात नाही.

"शनिवार माझा," मी म्हणालो. "दर शनिवारी दुकानात मीच बसणार. कबूल असेल तर घे."

"डील!" ती म्हणाली आणि किल्ल्या गेल्यासुद्धा.

इतक्या पटकन? मला तेव्हाच शंका यायला हवी होती. समोरचा लगेच हो म्हणाला की समजावं, आपण चुकलो. दुकानात नव्या मुलांना मीच हे शिकवायचो!

संध्याकाळी बर्फाची पिशवी खांद्यावर घेऊन बसलो होतो तेव्हा निखिलने सांगितलं. शनिवारी दुकानात बसायला केतकी कधीची माणूस शोधत होती. जाहिरात लावली, दोघांना विचारलं, कोणी तयार होईना. शनिवारी गर्दी फार!

म्हणजे भर डोहाळजेवणात, एका हाताने, हट्टाने, मी ती नोकरी मागून घेतली. आणि पगाराचं बोलायलाच विसरलो.