वीस वजा सहा अधिक चार

त्या वर्षी दुष्काळ होता आणि आमची शाळा फुगत चालली होती. गावं सोडून आलेली कुटुंबं शाळेजवळच्या बजाजनगरात, शहराबाहेरच्या कामगार वस्तीत, एकेका खोलीत राहायला लागली आणि त्यांची मुलं आमच्या बाकांवर चौघं-चौघं बसायला लागली. मी मूळची मराठी शिकवणारी. गणिताचे सर सोडून गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी सातवीचं गणित माझ्या गळ्यात घातलं. "दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाले. त्याला दोन वर्षं होत आली होती.

मी लहानपणी जसं शिकले तसंच शिकवत होते. कंचेभागुबेव. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. मुलं बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणायची. शहरात माझ्या घरी आठव्या दिवशी नळ यायचा, मधले दिवस टँकरवर भरायचं. पाणी भरून, बस पकडून वर्गात पोचेपर्यंत मी निम्मी संपलेली असायची. मुलं ओरडताहेत म्हणजे शिकताहेत, एवढ्यावर मी समाधान मानत होते.

चाचणीत मी एक उदाहरण घातलं: २० − ६ + ४. माझ्या हिशेबानं बेरीज आधी. सहा नि चार दहा, विसातून दहा गेले, उरले दहा. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं अठरा लिहिलं होतं. मी लाल फुली मारली.

पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळा सुटताना, तिची आई तिला घेऊन फाटकाशी उभी होती.

"मॅडम, हिचं चुकलं कुठं तेवढं सांगा. काल लई रडली."

"बेरीज आधी करायची असते, ताई. नियमच आहे तो."

"मला नियम नाय कळत. पर बघा, माझ्या पिंपात वीस कळश्या पाणी हाय. सहा काढल्या. मग टँकर आला, चार टाकल्या. तर मग दहाच कशा राहतील?"

समोरून बस येताना दिसत होती.

"घरातलं वेगळं, गणितातलं वेगळं," मी म्हणाले.

"व्हय?" तिनं एवढंच विचारलं आणि मुलीचा हात धरून निघाली.

बसमध्ये जागा मिळाली. वीस. सहा काढल्या, चौदा. चार टाकल्या. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. घरी गेल्यावर पुस्तक काढलं. स्पष्ट लिहिलं होतं: बेरीज आणि वजाबाकी डावीकडून ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं करायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तेच. मला पाठ होतं, म्हणून मी ते पान कधी वाचलंच नव्हतं.

"आता कशाला उकरता?" दुसऱ्या दिवशी मी सांगितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले. "दोन मार्कांसाठी?"

मी पेपर परत मागवले. वर्गाला सांगितलं, "माझं चुकलं. अठरा बरोबर आहे." मग एकजण उठून म्हणाला, "मॅडम, मग दहावाल्यांचे मार्क जाणार?" चूक माझी होती, तेव्हा मी कुणाचेच कापले नाहीत. त्या मुलीनं आपला पेपर घेतला, फुलीवर मी ओढलेली रेघ पाहिली आणि घडी घालून दप्तरात टाकला. हसली वगैरे नाही.

तिची आई मला स्टॉपकडं जाताना टँकरच्या रांगेत दिसली. मी थांबून सांगितलं, "ताई, तुमचंच बरोबर होतं."

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच काय कळत नाय." मग रांग पुढं सरकली आणि ती कळशी उचलून सरकली.

आदल्या वर्षीची सातवी तोवर आठवीत गेली होती. त्या वर्गावरच्या सरांकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि तिथंही फळ्यावर तेच उदाहरण सोडवलं. हजेरीपटावर पाच-सहा नावं खोडलेली होती. त्यांच्या घरच्यांनी काम बघत दुसरीकडं बिऱ्हाड हलवलं होतं. त्या मुलांना पुढं कुणी नीट सांगितलं का, मला माहीत नाही.