अवलंबून

आक्काला समोरच्या माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी दिसायचे खांदे. दारात पोस्टमन आला तरी त्याच्या हातातलं पाकीट घेण्याआधी ती म्हणायची, "डावा खांदा उतरलाय तुमचा. पिशवी बदलून घेत जा." पनवेलच्या जुन्या बाजारामागे एका खोलीत तिचा शिवणक्लास होता. ती माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पुढे मला खाऊ घालून, शिकवून नोकरीला लावलं ते तिनं, त्या खोलीतल्या मशीनवर. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

माप द्यायला उभी राहिलेली मुलगी लाजून खाली बघायला लागली की आक्का तिच्या हनुवटीला बोट लावायची. "मान वर. खाली मान घालून उभं राहिलं की गळ्याचं माप चुकतं." आम्हा दोघांच्या संसारातही तिचा हाच नियम होता. कुणाकडून उसनं नाही, फुकट नाही. शेजारीण वाटीभर आमटी द्यायची, ती वाटी परत करताना आक्का तिच्या पोराच्या शर्टाची बटणं लावून द्यायची.

मग आक्काची मूत्रपिंडं निकामी झाली. क्लासची खोली सोडली आणि ती आमच्याकडे, नवीन पनवेलला राहायला आली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी तिला दवाखान्यात सोडायचं, तिथून ट्रेलरच्या रांगांतून वाट काढत जासईला कंटेनर यार्डच्या ऑफिसात पोचायचं, दुपारी बायकोनं तिला रिक्षानं घरी आणायचं. घरातलं सगळं बोलणं पाणी किती प्यायली, पाय सुजले का, एवढ्यावर येऊन थांबलं. आक्का मात्र तिथल्या नर्सला सांगायची, "डावा हात तुमचा, काय सुया टोचायच्या त्या टोचा. उजव्याला हात लावू नका, त्यानं अजून कात्री धरते मी." दुपारी दोन मुली घरी ब्लाउज शिकायला यायच्या. त्यांची फी ती स्वतःच्या बटव्यात ठेवायची आणि तिची भाजी, तिची फुलं त्यातूनच यायची.

माझं टॅक्सचं काम जोशी बघतात. एकदा त्यांनी विचारलं, "बहिणीच्या उपचारांची वजावट का घेत नाही? अशा मोठ्या आजारांत भाऊ-बहीणही धरता येतात. किडनीच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागेल. आणि त्या मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असल्या पाहिजेत."

अवलंबून हा शब्द ऐकूनच मला थकवा आला. "तिला सांगायची गरजच काय?" बायको म्हणाली. जोशींचंही तेच मत होतं. पण आक्काच्या नावापुढे तिच्या पाठीमागे असं काही लिहिणं माझ्याच्यानं होईना. डायलिसिसहून आल्यावर ती आडवी झाली होती, तेव्हा मी सांगितलं.

ती म्हणाली, "त्या दोघी पोरी देतात ते काय आहे मग?"

"आक्का, ते आहेच. पण मुख्य खर्च..."

"पुरे."

पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी औषधांपुरतंच बोलली. मी विषय सोडून दिला. बिलं पिशवीत साठत राहिली. एका शनिवारी तीच म्हणाली, "मला त्या जोशांकडे ने."

जोशींचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर ती कठड्याला धरून थांबत होती. खुर्चीत बसून श्वास जमल्यावर तिनं विचारलं, "कोण कोणावर अवलंबून, हे ठरवतं कोण?"

"खर्च कोण करतं त्यावरून ठरतं, ताई."

"हा शाळेत होता तेव्हा ह्याचं सगळं मी केलं. तेव्हा नाही कोणी मला वजावट दिली."

जोशींनी चष्मा काढला. "तेव्हा तुम्ही रिटर्न भरत नव्हता, ताई."

आक्का हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मग हळूच म्हणाली, "लिहा. खोटं नाही ते."

उतरताना तिनं माझा हात धरला. त्याआधी तिनं तो कधी धरल्याचं मला आठवत नाही.

त्या महिन्यापासून तिनं त्या मुलींची फी घेणं बंद केलं. शिकवणं चालूच होतं. मी म्हटलं, "अगं, तेवढं चालतं कायद्याला." ती म्हणाली, "कायद्याला चालत असेल. मला अर्धवट नाही चालत." भाजीचे पैसे ती माझ्याकडे मागू लागली. मागताना मान खाली घालायची नाही, सरळ माझ्याकडे बघायची. माझीच नजर वळायची.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, डायलिसिस चालू असतानाच तिचं हृदय थांबलं. नर्सचा फोन आला तेव्हा मी यार्डातच होतो. ती होती तेवढ्या महिन्यांची वजावट जोशींनी त्या वर्षी धरली.

नंतरच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो. कागद चाळत ते म्हणाले, "यंदा औषधपाण्याचं काही नाही ना?"

"नाही."

"मग वजावटीसाठी जुनी करपद्धत ठेवण्यात अर्थ नाही. नव्या पद्धतीत टाकतो. तुम्हाला कर कमी बसेल."

मी बरं म्हटलं. जोशी कागद बाजूला ठेवून चहा घेणार का म्हणाले. मला कुणाला कुठं सोडायचं नव्हतं. मी बसून राहिलो.